‘लैला’चा पहिला भाग : तलावातले पाणी आणि रजिस्टरातला रकाना

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझी मुलगी पुण्याहून घरी आली, तेव्हा तिने आपल्या लॅपटॉपमध्ये एक मालिका उतरवून आणली होती. आमच्या घरी मोबाइलची रेंज मागच्या परसात, फणसाखाली तेवढी येते. तेथे उभे राहून चार शब्द बोलता येतात, मालिका पाहता येत नाही, हे तिला ठाऊक. “बाबा, एकच भाग पाहा. नाही आवडला तर बंद करू,” असे ती म्हणाली. भाग संपला तेव्हा घरातले कोणी जागचे उठले नाही. बऱ्याच वेळाने तिची आई म्हणाली, “त्या पोरीचं पुढं काय झालं गं?” मी मात्र वेगळ्याच एका मुलीचा विचार करीत होतो. ती मुलगी मालिकेतली नव्हे, आमच्या शाळेतली. तिच्याविषयी पुढे येईलच.

मालिकेचे नाव ‘लैला’. १४ जून २०१९ रोजी ती नेटफ्लिक्सवर आली. एकूण सहा भाग. प्रयाग अकबर यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या इंग्रजी कादंबरीवर ती आधारलेली आहे. लेखनात उर्मी जुवेकर यांचे नाव प्रमुख आहे. दिग्दर्शन तिघांचे : दीपा मेहता, शंकर रमण आणि पवन कुमार. यांपैकी पवन कुमार हे कन्नड चित्रपट पाहणाऱ्या आपल्याकडील मंडळींना अपरिचित नाहीत. लोकवर्गणीतून ‘लुसिया’ (२०१३) काढणारे ते हेच. पहिला भाग मात्र दीपा मेहता यांचा, आणि प्रस्तुत लेख त्या एका भागापुरताच आहे.

एकाच भागावर लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. भविष्यकाळातील राज्याची गोष्ट सांगणाऱ्या लेखकाची खरी कसोटी सुरुवातीलाच लागते. सामाजिक नाटकात चाळ दाखवली की चाळीचे नियम प्रेक्षकाला आपोआप ठाऊक असतात. येथे तसे नसते. या राज्यात काय चालते, काय चालत नाही, कोणाला कशाची भीती वाटते, हे सारे पहिल्या तासाभरात पटवून द्यावे लागते. तेथे प्रेक्षक बसला तर पुढचे भाग चालतात. तेथे घसरला तर पुढे कितीही पळापळ दाखवा, व्यर्थ.

कथा थोडक्यात अशी. या शतकाच्या चाळिशीचा शेवट आहे. देशाच्या जागी ‘आर्यावर्त’ नावाचे राज्य आले आहे. जोशी नावाचा एक पुढारी त्याचा सर्वेसर्वा. (आडनाव ऐकून आपल्याकडचा प्रेक्षक जरासा दचकतो, हे खरे.) शहरे भिंतींनी वाटलेली, प्रत्येक जमातीची वस्ती निराळी. हवा काळवंडलेली आणि पाणी दुर्मिळ. अशा शहरात शालिनी ही हिंदू स्त्री, तिचा मुसलमान नवरा रिझवान आणि त्यांची लहानगी लैला असे एक सुखवस्तू कुटुंब राहते. शालिनीची भूमिका हुमा कुरेशी यांनी केली आहे, रिझवानची राहुल खन्ना यांनी. एके दिवशी ‘रिपीटर्स’ म्हणविणारी गुंडांची टोळी घरात शिरते. नवरा मारला जातो, मुलगी नाहीशी होते आणि शालिनीला ‘वनिता मुक्ती केंद्र’ नावाच्या संस्थेत टाकले जाते. तेथे गुरू माँ नावाचा पुरुष (अरिफ झकारिया) तिच्यासारख्या स्त्रियांना ‘शुद्ध’ करण्याचे काम पाहतो. शुद्धतेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज सुटका नाही. शालिनीच्या मनात एकच गोष्ट आहे, लैला कोठे आहे? भागाचा शेवट मी सांगत नाही. ज्यांना पाहायचे आहे त्यांचा विरस कशाला करावा?

अशा प्रकारच्या लेखनाला इंग्रजीत डिस्टोपिया म्हणतात. सुखी राज्याचे स्वप्न म्हणजे युटोपिया, त्याच्या उलट हे दुःस्वप्न. पाहणाऱ्या अनेकांना ‘लैला’ पाहताना मार्गारेट ॲटवूड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ची आठवण झाली. ती कादंबरी १९८५ ची, तिच्यावरील मालिका २०१७ ची. एकसारख्या कपड्यांतल्या बंदिवान बायका, धर्माच्या नावाने चालणारा छळ आणि हरवलेली मुलगी ही साम्ये डोळ्यांत भरतात, हे मान्य. परंतु उसनवारीचा आरोप करून मोकळे होण्याआधी दीपा मेहतांचाच ‘वॉटर’ (२००५) आठवावा. त्याचे कथानक १९३८ सालचे. वाराणसीच्या विधवाश्रमात टाकलेली आठ वर्षांची पोर, केस कापलेल्या बायका आणि ‘हे सारे तुमच्या उद्धारासाठीच’ असे सांगणारे जग. २००० साली त्या चित्रपटाचे वाराणसीतील चित्रीकरण विरोधामुळे बंद पडले आणि पुढे तो श्रीलंकेत पुरा करावा लागला. म्हणजे दिग्दर्शिकेने वनिता मुक्ती केंद्र परदेशातून आणलेले नाही. तिच्याच जुन्या चित्रपटातला आश्रम तिने शंभरेक वर्षे पुढे नेऊन ठेवला आहे. या मालिकेतले भविष्य हे पुष्कळसे आपल्या भूतकाळाचेच बनलेले आहे, आणि म्हणून ते खरे वाटते.

या भागातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे प्रारंभीचा पोहण्याचा तलाव. गावात प्यायला पाणी नाही आणि या घरात पोहायला पाणी आहे. आईबाप आणि मुलगी निळ्या पाण्यापाशी सुखात आहेत. ते दृश्य सुंदर आहे आणि त्याच वेळी पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारे आहे. ज्यांच्यावर पुढच्या क्षणी अन्याय होणार आहे, ती माणसेही दुसऱ्या एका अन्यायाची वाटेकरी आहेत, एवढे त्यातून न बोलता सांगून होते.

आमच्या तालुक्यातल्या माणसाला हे दृश्य फार लवकर कळते. काळी नदी येथेच, डिग्गीच्या बाजूला उगम पावते. तिच्यावरचे सुपा धरण १९७४ मध्ये सुरू होऊन १९८७ मध्ये पुरे झाले. उंची १०१ मीटर, पाणी सुमारे १४५ टीएमसी. तालुक्याचे मूळ ठिकाण सुपा ते. ते पाण्याखाली गेले, कचेरी जोयड्याला आली, माणसे रामनगरला जाऊन वसली. जोयड्यात आज जे मराठी-कोकणी बोलणारे म्हातारे भेटतात, त्यांतल्या कित्येकांचे बालपण त्या पाण्याच्या तळाशी आहे. त्या पाण्यावर निघालेली वीज दूरदूरच्या शहरांना गेली आणि आमच्या डोंगरातल्या वाड्यांत मुलांनी पुढे कित्येक वर्षे चिमणीवर अभ्यास केला. ती मुले मी शिकवली आहेत. ज्यांनी ती वीज वापरली ते काही दुष्ट नव्हते. बटण दाबणाऱ्याला सुपा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. शालिनी आणि रिझवान हीदेखील तशीच चांगली माणसे आहेत. त्यांना भिंतीपलीकडची तहान फक्त दिसत नव्हती.

येथेच माझी पहिली तक्रार आहे. इतका मोलाचा धागा हाती घेऊन हा भाग तो लवकर सोडून देतो. गुंड घरात शिरले की सगळे पाप त्यांच्या पदरात पडते आणि तलावाचा प्रश्न त्या आरडाओरड्यात बुडून जातो. रिपीटर्स हे सरसकट क्रूर दाखवले आहेत. ते कोठून आले, त्यांच्या घरी पाणी येते का, भिंती उभ्या राहत असताना तलाववाल्यांनी काय केले, हे प्रश्न निदान या भागात कोणी विचारीत नाही. खलपुरुष काळाकुट्ट केला की प्रेक्षक सुटतो. ‘आपण त्यातले नव्हे’ असे म्हणून तो निश्चिंत होतो. आपल्या जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) ‘पुत्रवती’ या कथेत असे होऊ दिले नाही. मुलगाच हवा या घरोघरच्या इच्छेला विज्ञानाचे साधन मिळाले तर काय होईल, असा तेथील प्रश्न आहे. त्यात गुंडांची टोळी लागत नाही. तुमचे आमचे घर पुरते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून बक्षीस मिळविणाऱ्या त्या शास्त्रज्ञाला हे पक्के ठाऊक होते की यंत्र वाईट नसते, आपली हौस त्याला वाईट कामाला लावते. ‘लैला’च्या पहिल्या भागाला तलावापाशी हीच जागा सापडली होती.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘मुक्ती’ हा शब्द. ज्या संस्थेच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही, तिच्या नावात मुक्ती आहे. या मालिकेतील राज्य सगळी चांगली चांगली संस्कृत नावे वापरते. शुद्धी, वंश, वनिता, मुक्ती. शब्द आपल्या देवघरातले, व्यवहार तुरुंगाचा. पटकथेची ही हुशारी मला वाखाणण्यासारखी वाटते, कारण भाषा शिकवणाऱ्याला रोजच दिसते की शब्द आधी पोकळ होतो आणि मग त्यात कोणी काहीही भरतो.

मराठी वाचकाला तर ‘मुक्ती’ आणि स्त्रिया म्हटल्यावर केडगाव आठवल्यावाचून राहणार नाही. पंडिता रमाबाई १८५८ साली आमच्याच कर्नाटकातल्या घाटात, गंगामुळाच्या रानात जन्मल्या. वडील मराठी, रान कानडी. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते नंतर पुण्याला नेले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या निराधार मुलीबायकांना आणून केडगावला मुक्ती सदन उभे केले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून आणि शारदा सदनावरून महाराष्ट्रात केवढे वादळ झाले ते सर्वश्रुत आहे. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. परंतु त्या सदनात मुलींना अक्षरे मिळाली, हाताला काम मिळाले, छापखाना चालविता आला. आर्यावर्ताच्या केंद्रात बायकांना पाठांतर मिळते. नाव दोन्हीकडे मुक्ती. एका ठिकाणी बाई जाताना अधिक काही घेऊन जाते, दुसऱ्या ठिकाणी तिच्याजवळचे होते नव्हते ते काढून घेतात. कोणत्याही आश्रमाची, आणि शाळेचीही, पारख याच मापाने करावी असे मला वाटते.

शाळा म्हटली म्हणून सांगतो. केंद्रातील स्त्रिया रांगेत उभ्या राहून एका सुरात घोषणा म्हणतात, ते दृश्य पाहताना मी मनातून चपापलो. रोज सकाळी पावणेदहाला मीही पायरीवर उभा असतो आणि समोर रांगा असतात. सरळ रांग, एक सूर, मान वर. शिस्त वाईट नाही, प्रार्थनाही वाईट नाही. पण प्रार्थनेच्या वेळी एखादे पोर नुसते ओठ हलवीत असेल तर मी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न या दृश्याने मला घातला. गुरू माँचे काम करणाऱ्या नटाने आवाज मुळीच चढवलेला नाही. तो समजुतीच्या सुरात बोलतो, एखाद्या प्रेमळ मुख्याध्यापकासारखा. म्हणूनच त्याचे भय वाटते.

या मालिकेवर प्रदर्शनानंतर हिंदूद्वेषाचा आरोप झाला, तक्रारीही झाल्या. आपल्या वाचकांपैकी काहींना तसे वाटेल, आणि त्यांचे सगळेच चुकते असे मी म्हणणार नाही. या भागात साधा भाविक माणूस दिसत नाही. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावणारी आणि दारी आलेल्या कोणालाही पाण्याचा तांब्या देणारी बाई आर्यावर्तात नाहीशी झाली आहे. ती असती, आणि तिनेच त्या ‘शुद्धी’ला नकार दिला असता, तर कथेला बळ आले असते. परंतु धर्माची नावे घेऊन चालणारा जुलूम दाखवणे म्हणजे धर्माची निंदा, हे मला पटत नाही. तुकोबांच्या वारीत वाढलेल्या माणसाला या दोहोंतला फरक सांगावा लागू नये.

माझी दुसरी तक्रार मात्र फक्त आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या प्रेक्षकालाच सुचेल अशी आहे. या आर्यावर्तात इतर भाषांचे काय झाले? निदान पहिल्या भागात सर्वत्र हिंदी आहे, मधूनमधून इंग्रजी. मराठी, कानडी, कोकणी, तमिळ, बंगाली कोठे गेल्या? त्यांच्या वस्त्यांच्या भिंती कोठे आहेत? माणसांची जातवार, धर्मवार विभागणी करणारे राज्य भाषेला हात लावल्यावाचून राहील हे शक्य दिसत नाही. आपल्याकडे १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हापासून घराघरांत काय काय वाटले गेले, ते बेळगाव-कारवारच्या माणसाला सांगायला नको. एका कन्नड दिग्दर्शकाचा हात लागलेल्या मालिकेत ही जागा रिकामी राहावी याचे नवल वाटते.

आणि आता ती आमच्या शाळेतली मुलगी. आर्यावर्तात लैलासारख्या, दोन जमातींच्या आईबापांपोटी आलेल्या मुलांना ‘मिश्रित’ म्हणतात. तो शब्द ऐकला आणि मला माझे रजिस्टर आठवले. पुष्कळ वर्षांपूर्वी एक जोडपे मुलीचे नाव घालायला आले होते. बाप रामनगरकडचा, मराठी बोलणारा. आई हल्याळच्या बाजूची, कानडी. दाखल्याच्या रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो. त्या वर्षी मराठी वर्गाची पटसंख्या कमी पडत होती, आणि पट कमी झाला की शिक्षकाची जागा जाते. मी आईला विचारलेच नाही. ‘मराठी’ असे लिहिले आणि सहीसाठी रजिस्टर पुढे केले. तिने ते वाचले, क्षणभर थांबली आणि कानडीत सही केली. काही बोलली नाही. मुलगी चांगली शिकली, मराठी निबंधात तिने पहिला नंबर काढला. माझे चुकले असे मला तेव्हा वाटले नव्हते. मी आपल्या भाषेसाठीच केले होते ना!

तुलना मोठी होते, मला कळते. कोठे आर्यावर्ताचा छळ आणि कोठे मराठी शाळा जगवू पाहणारा एक मास्तर! शिवाय रकाना हा नेहमी जुलमाचाच असतो असेही नाही. गोव्यात कुणबी, गावडे आणि वेळीप यांची २००३ साली अनुसूचित जमातींत नोंद झाली. सीमेच्या अलीकडे आमच्या जोयड्यातले कुणबी वर्षानुवर्षे तीच मागणी करीत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने त्या एका नोंदीत पोरांचे शिक्षण आहे, पोटापाण्याची सोय आहे. नोंद मागणारा माणूस वेगळा आणि न विचारता नोंद लादणारा हात वेगळा. मी त्या दिवशी दुसऱ्या पंगतीत बसलो होतो, एवढेच मला म्हणायचे आहे. आईची भाषा लिहायची होती आणि आई समोर उभी होती.

‘लैला’च्या पहिल्या भागाचे यश मला येथे दिसते. त्यातल्या उंच भिंती, टेहळणी करणारी यंत्रे, काळवंडलेले आकाश हे मी चार दिवसांत विसरलो. तसे इंग्रजी चित्रपटांत पुष्कळ पाहिले आहे. तलाव आणि ‘मिश्रित’ हा शब्द मात्र विसरता आला नाही. हुमा कुरेशी यांचा अभिनय या भागात फार संयमाचा आहे. रडण्याच्या जागा त्यांनी टाळल्या आहेत, आणि मुलीची आठवण येते तेव्हा चेहरा फक्त स्थिर होतो. पटकथेने जे निसटू दिले ते पुष्कळदा त्यांच्या चेहऱ्याने सावरून धरले आहे.

आपल्या घरी हा भाग पाहावा की नाही? मोठ्यांनी जरूर पाहावा. मारहाण आणि अवमानाची दृश्ये आहेत, तेव्हा शाळकरी मुलांना बसवू नये. मात्र मोठ्यांनी पाहून झाल्यावर लगेच पुढचा भाग लावू नये. घरातल्या पाण्याचा नळ कोठून येतो, आपल्या दारची कोणती वीज कोणाच्या गावावरून गेली, आणि घरात ज्या दोन-तीन भाषा बोलल्या जातात त्यांतली कोणती आपण पाहुण्यांसमोर लपवतो, एवढे आपसात बोलून मग पुढे जावे.

यंदा जूनमध्ये नाव घालायला आलेल्या एका आईला मी विचारले, “बाई, मातृभाषा काय लिहू?” ती हसली आणि म्हणाली, “सर, घरात सासूशी कोकणी, नवऱ्याशी मराठी, माहेरी कानडी. तुम्हीच सांगा.” रकाना अरुंद आहे, त्यात एकच शब्द नीट मावतो. मी पेन खाली ठेवले आणि तिला बसायला खुर्ची दिली. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी तिने जे सांगितले तेच मी लिहिले.